चार बटणं

(इंद्रभुवनाचा दर्शनी भाग. सकाळची तिरपी उन्हं. पायऱ्या झाडणारी बाई.)

घाईत बघितलं तर ही कुणा संस्थानिकाची हवेली वाटते. पण सोलापूरला कधी राजा नव्हता. हे अप्पासाहेब वारदांचं घर. व्यापारी माणूस, पण घर बांधताना हात आखडता घेतला नाही. कमानी बघा, खांबांवरचं कोरीवकाम बघा. कॅमेरा इथं जरा जास्तच रेंगाळला आहे, त्याबद्दल तक्रार नाही. आज या वास्तूला सोलापूरकर महापालिका म्हणून ओळखतात. घरपट्टीची तक्रार, जन्माचा दाखला, नळाचं कनेक्शन, सगळं या आवारात. हा माहितीपट याच महापालिकेच्या 2017 च्या निवडणुकीचा.

सोलापूरची नगरपालिका 1852 सालची. 1857 च्या उठावाच्याही आधीची. तिची महानगरपालिका झाली 1 मे 1964 रोजी.

(चार हुतात्मा पुतळे. हारांचे ढीग. मागून जाणारी बस.)

निवडणूक आली की उमेदवाराचा पहिला हार या चौकात पडतो. पक्ष कुठलाही असो. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. चौघांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली. त्याआधीच्या मे महिन्यात या गावात काही दिवस इंग्रजांचं राज्यच उरलं नव्हतं, आणि मग लष्करी कायदा आला. त्याच वर्षी, 6 एप्रिल 1930 ला, नगरपालिकेवर राष्ट्रध्वज फडकला होता. हे सोलापूरचा माणूस रेल्वेत ओळख झाली तरी पहिल्या दहा मिनिटांत सांगतो.

चार नावं. एक लिंगायत, एक मारवाडी, एक मराठा, एक मुसलमान. शहराची मोजदाद इतक्या थोडक्यात कुणाला करता आली नसती. पुढं या निवेदनात चार हा आकडा पुन्हा येणार आहे, त्याचा या चौघांशी काही संबंध नाही.

(पूर्व भाग. यंत्रमागांचा आवाज. रंगीत टॉवेलांचे गठ्ठे. आवाज दहा सेकंद तसाच ठेवावा.)

हा पूर्व भाग. अशोक चौकातून आत वळलं की हा आवाज सुरू होतो. इथं जन्मलेल्या माणसाला तो ऐकू येत नाही, बंद पडला तरच ऐकू येतो. घरात तेलुगू, दुकानात मराठी, मागावर दोन्ही. गिरण्यांच्या जमान्यात जुनी गिरणी, नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू यांचे भोंगे शहराला उठवायचे. गिरण्या बंद पडल्या, माग घरात आले. चादर आणि टॉवेल सोलापूरचं नाव घेऊन जगभर गेले. विणणारे इथंच राहिले.

(घराच्या उंबऱ्यात विड्या वळणाऱ्या बायका. मांडीवर सूप. बोटांचा जवळून शॉट.)

या बोटांवर आमच्या छायाचित्रकाराने चाळीस मिनिटं खर्च केली. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, टोक दुमडायचं, दोरा. मान वर न करता. हजार झाल्या की हिशेब. उमेदवार दारात आला तरी हात थांबत नाहीत. हात जोडायचं काम त्याचं. "बसा की," म्हणतात, आणि तो बसतोही. फेब्रुवारी 2017 मध्ये या एका उंबऱ्यावर एका दुपारी वेगवेगळ्या पक्षांची तीन माणसं बसून गेली. तिन्ही वेळा चहा झाला.

(प्रचाराची रिक्षा. छतावर कर्णे. गल्लीतून हळूहळू येते.)

ऐका. तेलुगूत "ओटु वेय्यंडी". पुढच्या वळणावर, विजापूर वेशीच्या बाजूला, "वोट डालो". बाळीवेशीकडे गेलं की कानडीत "मत हाक्री". आणि सगळीकडे मराठी. एकच रिक्षा, एकच गडी, ध्वनिफिती तेवढ्या वेगळ्या. दुसऱ्या शहरात भाषेवर भांडणं होतात. इथं भाषेप्रमाणे कॅसेट बदलतात आणि पुढं जातात.

(जुनी वर्तमानपत्रं. इंद्रभुवनातल्या भिंतीवरच्या तसबिरी.)

या शहरावर काँग्रेसची पकड होती, ती एका दिवसात बसलेली नव्हती. सुशीलकुमार शिंदे याच गावचे. कोर्टात पट्टेवाला, मग फौजदार, मग मुख्यमंत्री, मग देशाचे गृहमंत्री. दिल्लीत मोठे होणारे पुष्कळ असतात, पण गल्लीतला माणूस सांभाळणारं कुणी तरी गावात लागतं. सोलापुरात ते काम विष्णुपंत कोठे, म्हणजे तात्या, यांनी केलं. कोण कुठल्या पेठेतून उभा राहील, कुणाला थांबायला सांगायचं, हे तात्यांकडे ठरायचं. 2012 च्या निवडणुकीत महापालिकेत काँग्रेसचे 45 नगरसेवक निवडून आले आणि राष्ट्रवादीला जोडीला घेऊन सत्ता राहिली.

मग 2014 आलं. लोकसभेला शिंदे पडले, भाजपचे शरद बनसोडे निवडून आले. त्याच वर्षी विधानसभेला विष्णुपंतांचे चिरंजीव महेश कोठे धनुष्यबाण घेऊन उभे राहिले, काँग्रेसच्या प्रणिती शिंदे यांच्याविरुद्ध. प्रणिती निवडून आल्या. पण ज्या घरात पक्षाच्या याद्या तयार व्हायच्या ते घर पक्षाबाहेर गेलं होतं. बाहेरच्यांना ही एक हरलेली लढत वाटली. पेठेतल्या माणसाला कळलं होतं.

(हद्दवाढ भाग. मोकळे प्लॉट, अर्धवट गटार, टँकरभोवती घागरी. वरून घेतलेलं दृश्य.)

आणि हे दुसरं सोलापूर. वरून बघितल्याशिवाय ते किती मोठं आहे ते कळत नाही. 1992 साली शहराची हद्द वाढली. बाळे, केगाव, शेळगी, देगाव, सोरेगाव, मजरेवाडी, कुमठे अशी गावं आत आली. या भागाचं नावच पडलं हद्दवाढ. "कुठं राहता?" "हद्दवाढमध्ये." तीसहून जास्त वर्षं झाली तरी हद्दवाढच. म्हणजे शहर अजून वाढतंच आहे, पोचलेलं नाही. कर शहराचा, रस्ता गावाचा, पाणी टँकरचं. पेठेतल्या जुन्या घराण्यांना हा मतदार तोंडओळखीचाही नव्हता. तो नोकरदार होता, नवा होता, आणि त्याच्याकडे तात्या नव्हते.

सोलापूर शहराचं पाणी उजनीहून येतं, शंभर किलोमीटरहून जास्त अंतर कापून. उन्हाळ्यात धरणाची पातळी उतरते आणि शहरात चार-पाच दिवसांआड नळ येतो. नळ कधी येणार यावर इथं लग्नाचे मुहूर्त ठरत नाहीत एवढंच. समांतर जलवाहिनीचं नाव न घेता या गावात सभा झालेली आम्हाला तरी आठवत नाही.

(मतदान केंद्र. शाळेचा वर्ग. फळ्यावर अर्धी पुसलेली बेरीज. यंत्राचा जवळून शॉट.)

21 फेब्रुवारी 2017. सकाळी साडेसात. त्या दिवशी राज्यातल्या दहा महापालिकांचं मतदान होतं, मुंबई-पुण्यासकट, म्हणून सोलापूरकडे बघायला कुणाला वेळ नव्हता.

आता हे यंत्र बघा, कारण आमच्या मते सगळी गोष्ट इथं आहे.

2012 ला एका प्रभागातून दोन नगरसेवक होते. 2017 ला राज्य सरकारने चार केले. सोलापूरचे 26 प्रभाग झाले. 24 प्रभागांत चार-चार, दोन प्रभागांत तीन-तीन, एकूण 102. निम्म्या जागा, म्हणजे 51, महिलांच्या. चार जागांच्या प्रभागात अ, ब, क, ड. अ ची मतपत्रिका पांढरी, ब ची गुलाबी, क ची पिवळी, ड ची निळी. चार ठिकाणी चार बटणं दाबायची. कुणीच पसंत नसेल तर "वरीलपैकी कोणीही नाही" हेही बटणच. तीन दाबून निघालात तर यंत्र गप्प. चौथं दाबलं की लांब शिट्टी वाजते, मग मत झालं.

या आजोबांकडे बघा. दोन बटणं दाबली, वळले. मतदान अधिकारी म्हणतात, "आजोबा, अजून दोन राहिली." आजोबा म्हणतात, "मला दोघंच म्हायती हायत." पुन्हा आत जातात. बराच वेळ लागतो. मग शिट्टी.

त्या उरलेल्या दोन बटणांवर ही निवडणूक झाली, असं आम्हाला वाटतं. ओळखीच्या माणसाला मत देऊन झालं, पुढं काय? पुढं चिन्ह. वॉर्ड लहान होता तेव्हा माणूस निवडून यायचा. बोळातला, लग्नाला येणारा, मयताला खांदा देणारा, शिव्या खाणारा. प्रभाग एवढा मोठा झाला की उमेदवाराला स्वतःच्या मतदारसंघाची शेवटची गल्ली सापडत नाही. तिथं चेहरा पोचत नाही, कमळ पोचतं. एमआयएमचा पतंग पोचतो. हात पोचायला हवा होता, पण तो पोचवणारी माणसं इकडंतिकडं झाली होती.

हे सगळं एका बटणामुळे झालं असं कुणी म्हणणार नाही. दिल्लीत आणि मुंबईत भाजपचं सरकार होतं. शहराचं नाव 2016 च्या जानेवारीत स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीसांत, नवव्या क्रमांकावर लागलं होतं. शहरात विजयकुमार देशमुख आणि सुभाष देशमुख असे दोन मंत्री होते. वारं होतंच. पण वारं शिडात भरायला शीड लागतं, ते या खोक्यात आहे.

(मतमोजणी केंद्राबाहेरचा रस्ता. बॅरिकेड. गर्दी. कानाला मोबाईल लावलेली माणसं.)

23 फेब्रुवारी. आत कॅमेऱ्याला मज्जाव, त्यामुळं आमच्याकडे आहे तो फक्त रस्ता. तो काही कमी नाही. दहा वाजता गुलालाची पोती दोन्ही बाजूंना सारखीच होती. बारा वाजता एका बाजूची पोती उघडली. दुसऱ्या बाजूचा हा गडी बघा, पोत्यावरच बसला आहे. दुपारी तो पोतं खांद्यावर टाकून निघाला, दुकानदाराला परत द्यायला. निकालाचं याहून चांगलं चित्र आम्हाला मिळालं नाही.

(गुलाल. हलग्या. हळू गतीत.)

भाजप 49. शिवसेना 21. काँग्रेस 14. एमआयएम 9. राष्ट्रवादी 4, बसप 4, माकप 1.

45 वरून 14.

(निवेदन इथं थांबावं. फक्त हलगी.)

बहुमताला 52 लागतात. भाजप तीनने कमी, तरी सगळ्यात मोठा. शिवसेना राज्यात सत्तेत सोबत, निवडणुकीत समोर. महेश कोठे तेव्हा विरोधी बाकांवर. मार्चमध्ये शोभा बनशेट्टी महापौर झाल्या. 2019 च्या डिसेंबरात श्रीकांचना यन्नम. मधल्या काळात दोन देशमुखांच्या दोन गटांनी सभागृह जितकं गाजवलं तितकं विरोधकांनी गाजवलं नाही. मार्च 2022 मध्ये मुदत संपली, प्रशासक आले. जवळपास चार वर्षं सभागृहात नगरसेवकच नव्हते. 15 जानेवारी 2026 ला पुन्हा मतदान झालं आणि भाजपला स्पष्ट बहुमत मिळालं. या वेळी तीनची उणीव नव्हती. बटणं चारच होती.

(नीलमनगरच्या बाजूची एक गल्ली. संध्याकाळ. प्लास्टिकच्या खुर्चीवर विड्या वळणारी बाई, मुलाखत.)

शेवटचं चित्रीकरण या गल्लीतलं. अक्कांना एकच प्रश्न विचारायचा होता. तुमचे चार नगरसेवक कोण?

"चार कुठले? एक म्हायती हाय. तो बी भाच्याच्या लग्नात भेटला म्हणून."

आणि बाकीचे?

"बाकीचे आसतील की. कागदावर आसतील." हसतात. हात सुपातच. "आधी एकच होता बघा. दारात जाऊन बोंबलायचं, तो बाहेर यायचा. आता ह्याच्याकडं गेलं की म्हणतो, मावशी, हे काम त्याच्याकडं हाय. त्याच्याकडं गेलं की..."

इथं गल्लीच्या तोंडाकडून एक पोरगं ओरडत येतं. "पाणी आलं बे! पाणी आलं!"

सूप खाली. खुर्ची रिकामी. घागरी, पातेली, टिपं, मोटारीचा आवाज, कुठं तरी पाइपचं तोंड सुटलेलं. कॅमेरा खुर्चीवरच लावलेला राहिला. नळ पावणेदोन तास चालला. तोवर उजेड गेला होता. अक्कांचं पुढचं बोलणं चित्रित झालं नाही.