तान्ह्या पोळ्यातला गोलकीपर

(दृश्य: वर्धा जिल्ह्यातलं एक गाव. मारुतीच्या देवळासमोर चाकं लावलेल्या लाकडी बैलांची रांग. मागून माईकचा आवाज.)

काल मोठा पोळा झाला, आज तान्हा पोळा. विदर्भाबाहेरच्या पाहुण्याला हे मुद्दाम सांगावं लागतं. खऱ्या बैलांचा सण झाला, की दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पोरांचा सण असतो. लाकडी नंदी दोरीनं ओढत, नटूनथटून पोरं देवळासमोर येतात. बैलाच्या सजावटीला बक्षीस असतं, पोराच्या वेशभूषेलाही असतं. मग घरोघरी फिरून बोजारा, म्हणजे पोरांना मिळणारा खाऊ-पैसा, गोळा करायचा.

हा २०२४ सालचा तान्हा पोळा. रांगेत दोन शिवाजी महाराज आहेत, एक झाशीची राणी आहे, हातात खराटा घेतलेले गाडगेबाबा आहेत. भाड्याच्या कपड्यांतले तीन स्पायडरमॅन आहेत. आणि सगळ्यांच्या शेवटी हा उभा आहे.

(दृश्य: दहा-अकरा वर्षांचा मुलगा. दोन्ही पायांना सुतळीनं बांधलेले फोमचे तुकडे. डोक्यावर मोटारसायकलचं हेल्मेट. छातीवर रंगानं लिहिलेला आकडा: १६.)

माईकवाले काका विचारतात, "तू कोन्ता सुपरहिरो आहे रे बेटा?"

हेल्मेटच्या आतून उत्तर येतं, "श्रीजेश."

काकांना नाव नीट ऐकू येत नाही. ते म्हणतात, "बरं बरं, पुढं चाल." पोरगा पुढं जात नाही. हेल्मेटची काच वर करतो आणि पुन्हा सांगतो, मोठ्यानं. "श्रीजेश. हॉकीचा गोलकीपर."

आम्ही या गावात आलो होतो पोळा टिपायला. त्या क्षणानंतर कॅमेरा या पोराच्या मागं गेला, आणि संध्याकाळपर्यंत तिथंच राहिला.

(दृश्य: शाळेमागचं मैदान. एका अंगाला मुरूम, दुसऱ्या अंगाला काळी माती. पलीकडे पऱ्हाटीचं वावर.)

शाळेमागचं हे मैदान. गोलपोस्ट म्हणजे तुराट्यांचे दोन भारे. शाळेच्या खऱ्या स्टिका मोजक्याच, बाकी पोरं बाभळीची फांदी तोडून आणतात. पण कुठलीही फांदी चालत नाही. खाली आपोआप वाकलेली हवी, आणि वाक उजव्या हाताच्या खेळाला जुळणारा हवा. हॉकीत डावखुऱ्याची वेगळी स्टिक नसतेच. चेंडूही सपाट बाजूनंच खेळायचा, पाठीमागची गोल बाजू लागली की फाऊल. पोरांना हे सगळं पाठ आहे. पाऊस पडला की काळ्या मातीकडचा अर्धा भाग चिखल होतो आणि खेळ मुरमाकडं सरकतो. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिम्पिकपासून मोठी हॉकी कृत्रिम हिरवळीवर गेली. तिथं चेंडू सरळ धावतो. इथं तो मुरमाच्या खड्यावर आपटून कुठंही उडतो, आणि तोंडावर येणारा चेंडू अडवायची सवय इथल्या पोरांना त्यातूनच लागते.

शाळेच्या व्हरांड्यात वर्तमानपत्रातून कापलेला एक फोटो चिकटवलाय. टोकियो, ५ ऑगस्ट २०२१. जर्मनीला ५-४ नं हरवून भारताला हॉकीत ४१ वर्षांनी ऑलिम्पिक पदक मिळालंय. अखेरच्या काही सेकंदांत जर्मनीला पेनल्टी कॉर्नर, म्हणजे फाऊलमुळे मिळणारी गोल करायची संधी, मिळाला होता, तो श्रीजेशनं अडवला. आणि मग तो गोलपोस्टवर चढला. आडव्या दांड्यावर पॅडसकट बसलेला माणूस, असा तो फोटो.

"स्पायडरमॅन बी असाच बसते ना सर, बिल्डिंगच्या कोपऱ्यावर," आपला गोलकीपर म्हणतो.

इथून वाद सुरू झाला. आम्ही फक्त कॅमेरा चालू ठेवला.

(दृश्य: मुलं गोलाकार बसलेली. सगळी एकदम बोलतायत.)

दुसरा म्हणतो, स्पायडरमॅन नाही बे, आयर्नमॅन. पायाला पॅड, बुटांवर किकर, छातीला गार्ड, गळ्याला गार्ड, डोक्याला हेल्मेट. आयर्नमॅनचा सूट काढला तर तो साधा माणूस राहतो, तसंच याचं. बरोबर आहे. हॉकीच्या चेंडूचं वजन १५६ ते १६३ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ क्रिकेटच्या चेंडूइतकंच, आणि ड्रॅगफ्लिकनं, म्हणजे स्टिकवर ओढून भिरकावला की, तो ताशी शंभर किलोमीटरच्या वर वेगानं येतो. सूट नसेल तर उभंच राहता येणार नाही.

पण आयर्नमॅनचा सूट त्यानं स्वतः बनवला, आणि तो गडगंज श्रीमंत आहे. श्रीजेश केरळमधल्या किळक्कंबलम गावचा, शेतकऱ्याचा मुलगा. त्याचं पहिलं गोलकीपिंगचं किट घ्यायला वडिलांनी घरची गाय विकली. ही गोष्ट मी पोरांना सांगितली तेव्हा पारावरून एक आबाजी उठून जवळ आले. काल त्यांनी स्वतःच्या बैलांच्या खांद्याला तूप-हळद लावली होती. ते इतकंच म्हणाले, "गाय इकली म्हंजे घरचं दूध गेलं. पोराले हे ठाऊक असन, म्हनून तो बॉल सोडत नसन." आयर्नमॅनचा विषय तिथंच संपला.

हरमनप्रीत सिंग मात्र थॉर, यावर सगळ्यांचं एकमत. अमृतसर जिल्ह्यातल्या शेतकरी कुटुंबातला हा कप्तान. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १० गोल केले, आणि ८ ऑगस्ट २०२४ ला कांस्यपदकाच्या सामन्यात स्पेनविरुद्धचे दोन्ही गोल त्याचेच. भारत २-१. हातात स्टिक नाही, हातोडाच, असं पोरांचं म्हणणं.

मला यात थोडी भर घालावीशी वाटते. थॉरनं हातोडा फेकला की तो आपोआप हातात परत येतो. ड्रॅगफ्लिकरच्या हातात चेंडू आपोआप येत नाही. पेनल्टी कॉर्नरला आधी एकजण गोलच्या बाजूनं, मैदानाच्या शेवटच्या रेषेवरून चेंडू ढकलतो. दुसरा गोलसमोर आखलेल्या वर्तुळाच्या बाहेर तो थांबवतो, आणि थांबवायचा तोही असा, की चेंडू जागच्या जागी मरून पडला पाहिजे. जरा उसळला तरी फ्लिक फसली. मग तिसरा तो स्टिकवर घेऊन ओढतो आणि भिरकावतो. हे सगळं डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोवर. गुणफलकावर नाव एकाचं येतं, पण हातोडा तिघांचा असतो. मैदानावरच्या पोरांत ढकलणारा कुणालाच व्हायचं नसतं. आज एका पोरीनं हात वर केला आणि म्हणाली, मी ढकलते. बरं वाटलं.

(दृश्य: तीच मुलगी. दोन वेण्या, हातात बाभळीची स्टिक.)

हिचा सुपरहिरो वेगळा आहे. ती म्हणते, वंडर वुमन मनगटावरच्या कड्यांनी गोळ्या परतवते, आपल्या मुलींच्या संघाची गोलकीपर सविता पुनियाही तेच करते. यापेक्षा नेमकी जोडी मला सुचली नसती. २ ऑगस्ट २०२१, टोकियो, उपांत्यपूर्व फेरी, समोर ऑस्ट्रेलिया. गुरजीत कौरनं पेनल्टी कॉर्नरवर गोल केला आणि त्यानंतर उरलेला सामना सवितानं अडवून धरला. १-० नं जिंकून भारतीय मुली पहिल्यांदा ऑलिम्पिकच्या उपांत्य फेरीत गेल्या. त्या संघाची कप्तान राणी रामपाल. तिचे वडील घोडागाडी हाकायचे, आणि तिनं सुरुवात केली ती मोडक्या स्टिकवर.

मोडक्या स्टिकचं नाव निघालं, की महाराष्ट्राला धनराज पिल्ले आठवलाच पाहिजे. पुण्याच्या खडकीतल्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत, धुळीच्या मैदानावर, दुसऱ्यांनी टाकून दिलेल्या स्टिका आणि चेंडू घेऊन तो शिकला. पुढं चार ऑलिम्पिक आणि चार विश्वचषक खेळला. १९९८ ला बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत त्याच्या कप्तानीत भारतानं सुवर्ण जिंकलं. पोरांनी त्याला कधी पाहिलेलं नाही. मी मोबाइलवर त्याची एक धाव दाखवली. केस उडतायत, चेंडू स्टिकला चिकटलाय. सगळे एका सुरात ओरडले, "फ्लॅश!"

आमच्या लहानपणी शक्तिमान होता. दूरदर्शनवर तो गोल गोल फिरायचा आणि आम्ही अंगणात तसेच फिरून चक्कर येऊन पडायचो. त्याहून मोठा कुणी असेल असं तेव्हा वाटायचं नाही. पुढं ध्यानचंद वाचले.

(दृश्य: कृष्णधवल छायाचित्र. हॉकी स्टिक घेतलेला जवान.)

सुपरमॅन कॉमिकच्या पानावर पहिल्यांदा आला १९३८ साली. त्याच्या दोन वर्षं आधी, १५ ऑगस्ट १९३६ ला, बर्लिनमध्ये ध्यानचंद यांच्या संघानं ऑलिम्पिकच्या अंतिम सामन्यात जर्मनीला ८-१ नं हरवलं होतं. १९२८ चं ॲमस्टरडॅम आणि १९३२ चं लॉस एंजेलिस धरून ते त्यांचं तिसरं सुवर्ण. लॉस एंजेलिसला तर अमेरिकेवर २४ गोल झाले. सैन्यातली नोकरी सांभाळून हा माणूस रात्री चांदण्यात सराव करायचा, म्हणून ध्यानसिंगचा ध्यानचंद झाला, असं सांगतात. लोडशेडिंगमध्ये वाढलेल्या आमच्या पिढीला चांदण्यात खेळणं समजावून सांगायला लागत नाही.

आणि त्याच बर्लिनमध्ये, त्याच वर्षी, आपल्या अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथकही होतं. भारतीय खेळ आणि व्यायामप्रकार त्यांनी तिथं करून दाखवले. इथून बर्लिनला गेलेली ती वऱ्हाडी पावलं मी पोरांना सांगतो, तेव्हा त्यांना पटत नाही. "अमरावती? आपली बसवाली अमरावती?" हाव, तीच.

(दृश्य: मुलं मैदानावर पेनल्टी कॉर्नरची मांडणी करतायत.)

आता ज्यासाठी मी एवढा वेळ बोलतोय, ते सांगतो. पोरांच्या यादीत एक माणूस नव्हता. त्याचा फोटो व्हरांड्यात नाही, आणि त्याचा वेश करून पोळ्यात कुणी येत नाही.

पेनल्टी कॉर्नरला बचाव करणारे पाचजण गोललाइनच्या मागं उभे असतात, गोलकीपर धरून. चेंडू ढकलला गेला की त्यातला एक सरळ सुटतो, फ्लिकरच्या अंगावर. त्याला म्हणतात पहिला रशर. तोंडाला जाळीचा मुखवटा, गुडघ्याला पॅड, हातात मोजे. बाकी अंग उघडं. वर्तुळाची त्रिज्या १४.६३ मीटर, आणि प्रत्येक पावलाला तो चेंडूच्या अधिक जवळ जात असतो. पहिला फटका सरळ मारला तर तो गोलच्या फळीच्या वर, म्हणजे ४६० मिलिमीटरच्या वर जाता कामा नये, असा नियम आहे. फ्लिकला हे बंधन नाही. ती छातीवर येऊ शकते, तोंडावर येऊ शकते. शहाणा माणूस येणाऱ्या दगडापासून दूर पळतो. रशर त्याच्याकडं पळतो, दर कॉर्नरला.

सिनेमातला कॅप्टन अमेरिका आठवा. ताकदीचं औषध मिळायच्या आधीचा, हडकुळा. कुणीतरी हातबॉम्ब फेकतं, बाकीचे पळतात, हा त्याच्यावर पोटावर पडतो. बॉम्ब नकली असतो, पण त्याला ते ठाऊक नसतं. माझ्या मते त्या अख्ख्या गोष्टीत तो खरा सुपरहिरो त्याच क्षणी असतो, ढाल हातात आल्यावर नाही. रशर तोच आहे. फरक एवढाच, की रशरला चेंडू खरा असल्याचं ठाऊक असतं.

पॅरिसला भारतासाठी हे पहिल्या रशरचं काम करणारा अमित रोहिदास. ओडिशातल्या सुंदरगढ जिल्ह्यातला, सौनामारा गावचा. त्या आदिवासी भागात हॉकीच्या स्पर्धा होतात आणि जिंकणाऱ्या संघाला बक्षीस म्हणून बोकड मिळतो. ४ ऑगस्ट २०२४, पॅरिस, ब्रिटनविरुद्ध उपांत्यपूर्व सामना. १७ व्या मिनिटाला रोहिदासला लाल कार्ड. साठ मिनिटांचा खेळ, म्हणजे उरलेली ४३ मिनिटं दहाजणांनी काढायची. त्यांनी ती काढली. १-१ वर सामना सुटला आणि शूटआउटमध्ये भारत ४-२ नं जिंकला. गोलमध्ये श्रीजेश होता. सिनेमात संघातला एकजण पडला की दुसरा हवेतून उडत मदतीला येतो. इथं कुणी येत नाही, उरलेले दहाजण जास्त पळतात.

हे सांगून झाल्यावर पोरं गप्प होती. मग त्यांच्यातला सगळ्यात बारका उठला. "मी रशर."

(दृश्य: देवळासमोर बक्षीस वाटप. टाळ्या.)

वेशभूषेचं पहिलं बक्षीस गाडगेबाबांना गेलं. योग्यच गेलं, गाडगेबाबा झालेल्या पोरीनं सगळं आवार खरोखर झाडून काढलं होतं. आपल्या गोलकीपरला काही मिळालं नाही. मी त्याच्या घरी गेलो. आई भाकरी थापत होती. पॅड कुठून आणले म्हणून विचारलं, तर तिनं मानेनं भिंतीकडं खूण केली. भिंतीला टेकवून ठेवलेली गादी, मधोमध कापलेली.

"फोमची एकच व्हती," ती म्हणाली. "मनलं, ने बाप्पा. खाली सतरंजी हाये आमाले."

(दृश्य: संध्याकाळ. मैदान. आभाळ भरून आलंय.)

लाकडी बैल तुराट्यांच्या भाऱ्याला बांधून ठेवलाय. पोरानं सुतळी पुन्हा आवळली. आता रबराचा चेंडू नको म्हणाला, शाळेतला खरा आणा. दोन वेण्यांवाली पोरगी ढकलायला उभी आहे. बारक्या रशर गोललाइनच्या मागं वाकलाय, तोंडाला आईची पिठाची चाळणी बांधून. पहिले थेंब मुरमावर पडतायत.

हेल्मेटची काच खाली येते. आतून आवाज येतो, "मार बे."

(दृश्य: चेंडू सुटतो. बारक्या धावतो.)