मालदीवला जायचंय? आधी होडी, मग खोली

नमस्कार श्रोतेहो.

तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडे मंगल कार्यालयांच्या तारखा भराभर भरतात. त्याच सुमारास घराघरांत आणखी एक विषय निघतो, तो म्हणजे हनिमूनला कुठे जायचं. एके काळी महाबळेश्वर किंवा माथेरान म्हटलं की विषय मिटायचा. मग गोवा, केरळ, मनाली आलं. आता मुलं मोबाइल पुढे करतात. निळंशार पाणी, पाण्यात खांबांवर उभी असलेली लाकडी खोली, खोलीतून थेट समुद्रात उतरणारा जिना. मालदीव! पाठोपाठ पॅकेजचा आकडा येतो, आणि आधीच केटररच्या बिलाने वाकलेले वडील पेपर उघडून बसतात.

तो आकडा खोटा नाही. पण तो मालदीवच्या एका प्रकाराचा आकडा आहे. दुसरा प्रकार पॅकेज विकणारे स्वतःहून सांगत नाहीत, कारण त्यात त्यांना फारसं काही सुटत नाही. मी लोकांना प्रवासाची आखणी करून देते, तेव्हा आज त्या दुसऱ्या प्रकाराबद्दल बोलते.

मालदीव म्हणजे हिंदी महासागरात उत्तर-दक्षिण पसरलेली सुमारे बाराशे बेटं. त्यातल्या दोनशेच्या आत बेटांवर लोकवस्ती आहे. 1972 मध्ये राजधानी मालेजवळ कुरुंबा नावाचं पहिलं रिसॉर्ट सुरू झालं आणि तेव्हापासून रीत पडली ती एक बेट, एक रिसॉर्ट अशी. पाहुणे एका बेटावर, स्थानिक लोक दुसऱ्या बेटावर. गावातल्या बेटावर परदेशी माणसाला सहजासहजी मुक्काम करता येत नसे. 2009 नंतर सरकारने धोरण बदललं आणि गावांमध्ये गेस्टहाउस उघडायला परवानगी मिळाली. माफुशी, गुली, थुलुसधू, फुलिधू, धिगुरा, उकुलहास, थोड्डू ही सगळी गावाची बेटं. शाळा आहे, मशीद आहे, किराणा दुकान आहे, आणि गल्ली संपली की तोच समुद्र आहे जो रिसॉर्टवाल्यांकडे आहे. समुद्राला भाडं नाही.

मग पैसा जातो कुठे? तर मालेच्या विमानतळापासून तुमच्या पलंगापर्यंत. माझं सगळं म्हणणं एवढ्यातच आलं. लोक फोटो बघून खोली ठरवतात, पैसे भरतात, आणि मग तिथे जायचं कसं ते शोधायला लागतात. तोवर वेळ गेलेली असते. लांबच्या रिसॉर्टला बहुधा सी-प्लेनने, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने जावं लागतं, आणि त्याचं जाऊन-येऊन भाडं माणशी साधारण चारशे ते सहाशे डॉलर पडतं. दोघांचं मिळून जे होतं, त्यात माफुशीला आठवडाभर राहून, खाऊन, फिरून होतं. शिवाय सी-प्लेन फक्त उजेडात उडतं. तुमचं विमान संध्याकाळी उतरलं, तर ती रात्र मालेत किंवा शेजारच्या हुलहुमालेत काढायची, तिचे पैसे वेगळे. म्हणून म्हणते, आधी होडी बघा, मग खोली.

आता होडीचे प्रकार. सर्वांत स्वस्त म्हणजे सरकारी फेरी. मालेहून माफुशीला दोन-तीन डॉलरमध्ये नेते, दीड तास लागतो. प्लास्टिकच्या खुर्च्या, दोन्ही बाजूंनी वारा, पायाशी कोणाचे अंड्यांचे ट्रे, कोणाची पाण्याच्या बाटल्यांची खोकी. आपल्या रेवस-भाऊच्या धक्क्याच्या लाँचमध्ये बसलेल्या माणसाला इथे परकं वाटणार नाही. पण तिची एक अट आहे. शुक्रवारी ती नसते. मालदीवमध्ये सुट्टी शुक्रवार-शनिवारची. आणि आपण काय करतो? लग्न, पूजा, गोंधळ सगळं आटपून नेमकं गुरुवारी रात्री किंवा शुक्रवारी सकाळी निघतो, कारण रजा तशी बसते. मग फेरी नाही. शिवाय इतर दिवशीही बऱ्याच बेटांना दिवसातून एखादीच फेरी असते, तेव्हा विमानाची वेळ तिच्याशी जुळते का ते तिकीट काढण्याआधी बघा. वेळापत्रक बदलत असतं, म्हणून गेस्टहाउसवाल्यालाच मेसेज करून विचारावं. ते लोक लगेच उत्तर देतात, त्यांचा धंदाच त्यावर आहे.

दुसरा प्रकार स्पीडबोट. ही विमानतळाच्या दारातल्या धक्क्यावरूनच सुटते, गेस्टहाउसचा माणूस पाटी घेऊन उभा असतो. माफुशीला अर्धा-पाऊण तास, माणशी वीस-पंचवीस डॉलरच्या आसपास. बॅगा घेऊन माले शहरातल्या फेरी टर्मिनलपर्यंत जाण्याची यातायात वाचते. माझं मत विचाराल, तर जाताना स्पीडबोट घ्या आणि येताना फेरी. जाताना तुम्ही दमलेले असता, हातावरची मेंदीसुद्धा उतरलेली नसते. येताना घाई नसते. स्पीडबोटीत मागच्या बाजूला बसा. पुढे बसलात तर प्रत्येक लाटेला पाठीचा मणका मोजला जातो. उलटीची गोळी बोटीत नव्हे, त्याआधी अर्धा तास घ्यायची.

तिकडे जायचं विमान मुंबईहून थेट आहे, तीन तासांच्या आत पोचवतं. कोचीन किंवा तिरुवनंतपुरमहून अंतर आणखी कमी, तिरुवनंतपुरमहून तर सव्वा तासाच्या आसपास. काही वेळा मुंबई-कोचीन वेगळं आणि कोचीन-माले वेगळं तिकीट काढलं की स्वस्त पडतं. मात्र दोन वेगळी तिकिटं म्हणजे पहिलं विमान लेट झालं तर दुसऱ्याची जबाबदारी कोणाचीच नाही. मधे एक रात्र कोचीनला काढणार असाल, फोर्ट कोची बघणार असाल, तरच हे करा. तिकीट महाग का दिसतं, त्याचंही एक कारण ऐका. मालदीव सोडताना परदेशी प्रवाशाला कर भरावा लागतो. डिसेंबर 2024 पासून इकॉनॉमीच्या प्रवाशाला प्रस्थान कर 50 डॉलर आणि विमानतळ विकास शुल्क 50 डॉलर, असे 100 डॉलर. ते तिकिटातच धरलेले असतात, वेगळे कोणी मागितले तर देऊ नका.

व्हिसाचं सुख आहे. आधी काढावा लागत नाही, उतरल्यावर शिक्का मिळतो, फी नाही. परतीचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंग दाखवायची तयारी ठेवा. निघण्याआधी 96 तासांच्या आत ‘इमुगा’ नावाच्या सरकारी पोर्टलवर एक फॉर्म भरायचा असतो, तोही फुकट. पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नाही असं समजा.

आणि नववधूंसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. लग्नानंतर नाव बदललं असेल, सासूबाईंनी तांदळात नवीन नाव लिहूनही घेतलं असेल, तरी तिकीट काढायचं ते पासपोर्टवर जे नाव आहे त्याच नावाने. माझ्याकडे आलेल्या एका जोडप्यात नवऱ्याने हौसेने बायकोचं नवीन नाव टाकून तिकीट काढलं होतं. ते बदलून घेताना तिकिटाची बचत सगळी गेली. विवाह नोंदणीचा दाखला मिळाला असेल तर त्याचा फोटो जवळ ठेवा. बरीच रिसॉर्टं तो बघून नवविवाहितांना एखादं जेवण किंवा केक देतात. गेस्टहाउसवाले दाखला मागत नाहीत. नुसतं कळवलं तरी पलंगावर जास्वंदीची फुलं आणि माडाची पानं मांडून ठेवतात.

खोलीच्या भाड्याबद्दल थोडं सावध. दराच्या पुढे दोन अधिकची चिन्हं दिसली की कर वेगळे आहेत असं समजायचं. शंभर डॉलरची खोली घेतलीत, तर त्यावर 10 टक्के सेवाशुल्क, म्हणजे 110. त्या एकशेदहावर 17 टक्के पर्यटन जीएसटी, म्हणजे 128 डॉलर 70 सेंट. वर ग्रीन टॅक्स, गावातल्या पन्नास खोल्यांपर्यंतच्या गेस्टहाउसमध्ये माणशी रात्रीला 6 डॉलर, रिसॉर्टमध्ये 12. दोघांचे 12 धरले की शंभराची खोली 140 डॉलर 70 सेंटला पडली. साध्या गेस्टहाउसची खोली याच्या निम्म्यातही मिळते, पण हिशोब हाच. बुकिंग करताना ‘सगळे कर धरून किती’ एवढं एक वाक्य विचारलंत की वाद उरत नाही.

आता तिथलं राहणं कसं असतं ते सांगते, कारण स्वस्त म्हणून गेलात आणि हिरमुसलात तर मला बोल लागेल. गावाचं बेट म्हणजे मुसलमान गाव. दारू मिळत नाही, आणता येत नाही. ड्युटी फ्रीमधून घेतलेली बाटलीसुद्धा कस्टमवाले ठेवून घेतात. माफुशीला किनाऱ्यापासून दूर बोटीवर बार चालतो, ज्यांना हवं ते तिथे जातात. पोहण्याचे कमी कपडे घालायला वेगळा किनारा राखलेला असतो. ‘बिकिनी बीच’ अशी चक्क पाटी असते आणि काही ठिकाणी माडाच्या झावळ्यांची आडभिंत. गावातून जाताना खांदे-गुडघे झाकलेले असावेत. पूजेच्या मूर्ती देशात न्यायला बंदी आहे, तेव्हा माहेरून मिळालेली अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण घरच्या देव्हाऱ्यातच राहू द्या. आणि रमजान बघा. पुढची दोन वर्षं तो नेमका आपल्या लग्नसराईत येतो. 2027 मध्ये साधारण 8 फेब्रुवारीला सुरू होईल, 2028 मध्ये जानेवारीच्या अखेरीस. त्या महिन्यात गावातली हॉटेलं दिवसा बंद असतात. गेस्टहाउस पाहुण्यांना जेवण देतं, पण सकाळी गावात फिरत चहा प्यायची मजा नाही.

बाकी संध्याकाळी मात्र गावाच्या बेटावरच खरी गंमत असते. धक्क्याजवळ लोखंडी सांगाड्यात दोरीची जाळी विणलेल्या खुर्च्या ओळीने मांडलेल्या असतात, त्यांना ‘जोआली’ म्हणतात. त्यात म्हातारे बसलेले असतात, बोटी बघत. तुम्हीही बसा, कोणी काही म्हणत नाही. टपरीवर चहासोबत ‘हेदिका’ मिळतात, माशाचं सारण भरलेले तळलेले गोळे, भजीसारखे प्रकार. सकाळी ‘मस हुनी’: टूना, खवलेलं खोबरं, कांदा, मिरची आणि लिंबू कालवून गरम रोशीबरोबर, म्हणजे तिथल्या चपातीबरोबर. मालवणकडच्या माणसाला ते पहिल्या घासात पटतं. शाकाहारी असाल तर खोली ठरवतानाच कळवा, कारण ऐन वेळी तिथे मासा नसलेला पदार्थ शोधावा लागतो. तयारी असेल तर डाळ-भात करून देतात. आणि त्यातला कांदा-बटाटा बहुधा भारताचाच. 1981 च्या व्यापार करारानुसार भारत मालदीवला कांदा, बटाटा, अंडी, तांदूळ, साखर पाठवतो. आपल्याकडे निर्यातबंदी होती तेव्हाही त्यांचा कोटा वेगळा ठेवला होता. नाशिककरांनी या गोष्टीवर काय म्हणायचं ते म्हणावं.

कुठलं बेट निवडावं? माफुशी पोचायला सोपं आणि स्वस्त, पण गर्दीचं, इमारती दाटीवाटीने उभ्या. सगळ्या रात्री तिथे घालवू नयेत. थोड्डू शेतीचं बेट आहे, कलिंगडं आणि पपया पिकतात, सायकल घेऊन मळ्यांतून हिंडता येतं. फुलिधूला संध्याकाळी मोठमोठे पाकट मासे पायाशी येतात. माझं आवडतं धिगुरा. लांबच लांब, अरुंद बेट, टोकाला पांढऱ्या वाळूची जीभ समुद्रात शिरलेली. तिथल्या समुद्रात देवमाशाएवढा व्हेल शार्क वर्षभर दिसू शकतो, आणि तो माणसाच्या वाटेला जात नाही. स्पीडबोटीला दीड-दोन तास लागतात, पैसेही माफुशीच्या दुप्पट-अडीचपट. पण एकदाच जायचं आणि एकदाच यायचं, तेव्हा चालतं.

आणि तो पाण्यावरच्या खोलीचा फोटो हवाच असेल, तर रिसॉर्टचा दिवसाचा पास घ्या. माफुशीहून सकाळी बोट नेते, जेवण-पोहणं सगळं होतं, संध्याकाळी परत. नाहीतर शेवटची एकच रात्र मालेजवळच्या, स्पीडबोटीने जाता येईल अशा रिसॉर्टला काढा. पहिली नव्हे, शेवटची. पहिल्या रात्री तिथे राहून मग गेस्टहाउसला गेलं, की माणूस उगाच तुलना करत बसतो. रिसॉर्टला बोटीची वेळ विचारताना एक लक्षात ठेवा, काही रिसॉर्टं आपलं घड्याळ मालेपेक्षा एक तास पुढे ठेवतात. माले आपल्यापेक्षा अर्धा तास मागे. नीट विचारून घ्या, नाहीतर बोट जायची.

हवामानाचं म्हणाल, तर डिसेंबर ते एप्रिल कोरडा हंगाम आणि भाव चढे. मे ते ऑक्टोबर नैर्ऋत्य वाऱ्याचा काळ. पाऊस सरी-सरींनी येतो, मधे ऊनही असतं, पण लहान बोटी हलतात. मे-जूनमध्ये लग्न झालेल्यांना खोल्या पुष्कळ स्वस्त मिळतात.

परतीचं विमान दुपारनंतरचं घ्या. सकाळच्या फेरीने मालेत उतरलात की हातात दोन-तीन तास असतात. प्रवाळाच्या दगडांत कोरलेली सतराव्या शतकातली हुकुरू मिस्की ही मशीद तिथे आहे, आणि उत्तरेच्या धक्क्यावर मासळी बाजार आहे. हातभर टूना ओट्यावर पडतो आणि कापणारा माणूस बघता बघता त्याच्या लांब फाका करून ठेवतो. कॅमेरा काढण्याआधी त्याला मान हलवून विचारा. किनाऱ्यावर उचललेला प्रवाळाचा तुकडा मात्र बॅगेत ठेवू नका, तो देशाबाहेर नेता येत नाही आणि विमानतळावर बॅग तपासतात. आणि सुट्या डॉलरच्या नोटा शिल्लक असतील तर घरी आणा. रुफिया, म्हणजे तिथल्या चलनाच्या नोटा, मात्र तिथेच संपवा, इथे त्या बदलून मिळवताना नाकी नऊ येतात.

नमस्कार.