फाटतो आणि दबतो

[दृश्य: दुपार. लॅमिंग्टन रोडवरची गर्दी, डोक्यावरून स्पीकर नेणारा हमाल.]

ग्रँट रोड स्टेशनातून पूर्वेला बाहेर पडलं की चालत लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलंय. टॅक्सीवाल्याला ते सांगून बघा.

इथल्या एका पोटमाळ्यावर ॲम्प दुरुस्त होतात. गणपती तोंडावर आलेत. काकांसमोर एकाच बँजो पार्टीतले दोघे उभे आहेत. कीबोर्डवाला म्हणतो, "काका, आवाज फाटतो." बँजोवाला म्हणतो, "माझा दबतो. तोंडावर उशी धरल्यासारखा."

काका ॲम्प उघडतच नाहीत. आधी विचारतात, "कुणाची वायर कुठे लावता?"

कीबोर्ड गिटार ॲम्पमध्ये. बँजो मिक्सरच्या 'लाइन इन' लिहिलेल्या भोकात. नेमकं उलटं!

[दृश्य: बँजोच्या कळा, तारा, तारांखालचा पिकअप. अगदी जवळून.]

मुंबईत ज्याला बँजो म्हणतात, तो खरा बुलबुल तरंग. तारांखाली पिकअप, तारांच्या थरथरीचा विजेचा सिग्नल करणारा: चुंबकाभोवती केसाइतक्या बारीक तारेचे हजारो वेढे. काका मीटर लावतात. सात हजार ओहम. पण हा नुसता तारेचा रोध. सूर वर चढतो तसा पिकअपचा इम्पीडन्स, म्हणजे सिग्नलला होणारा एकूण अडथळा, वाढत जातो, पार लाखाच्या घरात. समोर मिक्सरचा लाइन इन मात्र दहा-वीस हजारांचा. चाळीत राहिलेल्याला हे पटकन कळेल: पाइप बारीक, आणि खालच्या मजल्यावर कुणी तोटी पूर्ण सोडली की तिसऱ्या मजल्यावर नुसतं सूं सूं. इथे आधी वरचे सूर मरतात, म्हणून ती उशी. गिटार ॲम्पचा इनपुट सहसा दहा लाख ओहमचा असतो. म्हणजे जवळजवळ बंद तोटी. दाब टिकतो.

'इम्पीडन्स मॅचिंग' या शब्दानं फार घोळ घातलाय. सारख्याला सारखं जोडलं तर निम्मा व्होल्टेज तिथेच जातो. आत शिरताना बरोबरी नको, पुढच्याचा इम्पीडन्स निदान दहापट हवा. बरोबरी बघायची ती वाल्व्ह ॲम्पच्या, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या ॲम्पच्या, मागच्या बाजूला, 8 ओहमला 8 ओहमचा स्पीकर.

बँजोवाला खूश. कीबोर्डवाला अडून बसलाय. "मला ह्याच ॲम्पचा आवाज पाहिजे."

त्याच्या बाबतीत इम्पीडन्सचा प्रश्नच नाही, प्रश्न जोराचा आहे. पिकअप साधारण एक दशांश व्होल्ट देतो. कीबोर्डचा आवाज चढवला की एक व्होल्टच्या आसपास. पहिलाच वाल्व्ह गुदमरतो. ॲम्पवर 'लो' लिहिलेलं भोक असलं तर सिग्नल साधारण निम्मा होतो, पण इथे निम्म्यानं भागत नाही.

[दृश्य: सोल्डरचा धूर. तळहातावर दोन रेझिस्टर.]

पट्टे तपकिरी, काळा, नारिंगी: दहा हजार ओहम, सिग्नलच्या वाटेत. तपकिरी, काळा, लाल: एक हजार, तिथून ग्राउंडला. सिग्नलचा अकरावा हिस्सा पुढे जातो. सगळं पत्र्याच्या एका रिकाम्या तंबाखूच्या डबीत. पत्रा शील्डिंगचं काम करतो, बाहेरची खरखर आत येऊ देत नाही, प्लास्टिकची डबी काका हातातही घेत नाहीत.

कीबोर्ड वाजतो. फाटत नाही. पण खाली एक बारीक गुरगुर आहे. कीबोर्डची दुसरी वायर मिक्सरला गेलीय, मिक्सर आणि ॲम्प दोघांनाही आपापलं अर्थिंग. अर्थिंगच्या वाटेचं वर्तुळ पुरं झालं, म्हणजे लूप. गुरगुर त्याचीच.

काका डबी परत ओढून घेतात. "लूप तोडायला ह्यात छोटा ट्रान्सफॉर्मर बसवावा लागेल. उद्या संध्याकाळी ये. आणि गुरगुर घालवायला अर्थिंगची पिन कापू नकोस हं."

कीबोर्डवाला आपल्या कीबोर्डच्या प्लगकडे बघतो. पिन आधीच कापलेली आहे.