कामाकडे पाहणारा दिग्दर्शक : त्रान आन हुंग

कच्च्या पपईचा देठ कापला जातो, त्यातून पांढरा चीक थेंबाथेंबाने पानावर गळतो आणि दहा वर्षांची मुई तो टक लावून पाहते. १९५१ सालच्या सायगॉनमधील एका घरात कामाला आलेल्या या मुलीची कथा म्हणजे त्रान आन हुंग यांचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट, 'द सेंट ऑफ ग्रीन पपाया'. मुईच्या घराचे अंगण, झाडे आणि पावसाळी ओल इतकी खरी वाटते, की हे सारे पॅरिसजवळच्या एका स्टुडिओत उभारले होते यावर विश्वास बसत नाही.

१९६२ साली व्हिएतनाममध्ये जन्मलेले हुंग १९७५ मध्ये, सायगॉनच्या पाडावानंतर, वयाच्या बाराव्या वर्षी फ्रान्सला आले. तत्त्वज्ञानाचे शिक्षण घेत असताना फ्रेंच दिग्दर्शक रोबेर ब्रेसाँ यांचा एक चित्रपट पाहून ते सिनेमाकडे वळले आणि लुई ल्युमिएर या चित्रपट-विद्यालयात शिकले. पहिल्याच चित्रपटाला १९९३ मध्ये कान महोत्सवात पदार्पणासाठीचा 'कॅमेरा दोर' मिळाला आणि ऑस्करच्या अंतिम नामांकनांत व्हिएतनामचे नाव प्रथमच झळकले.

त्यानंतरचा 'सिक्लो' मात्र हो चि मिन्ह शहराच्या, म्हणजे पूर्वीच्या सायगॉनच्या, रस्त्यांवर उतरतो. तीनचाकी रिक्षा चोरीला गेल्यामुळे गुन्हेगारीच्या जाळ्यात ओढल्या गेलेल्या तरुणाची ही दाहक कथा १९९५ मध्ये व्हेनिस चित्रपट महोत्सवाच्या सर्वोच्च पुरस्काराची, सुवर्णसिंहाची, मानकरी ठरली. पुढे हनोईतील तीन बहिणींची कथा आली, २०१० मध्ये जपानी लेखक मुराकामींच्या 'नॉर्वेजियन वुड' या कादंबरीचे रूपांतरही आले. पण पहिल्या दोन चित्रपटांइतका गाजावाजा दीर्घकाळ त्यांच्या वाट्याला आला नाही.

तो २०२३ मध्ये 'द टेस्ट ऑफ थिंग्ज'ने झाला. एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच स्वयंपाकघरातल्या या चित्रपटाच्या आरंभी, भाज्या निवडण्यापासून पाने वाढेपर्यंतचा स्वयंपाक कितीतरी वेळ आपल्यासमोर चालतो. पार्श्वसंगीत नाही, ऐकू येतो तो तव्यावरचा चरचराट आणि पाण्याचा आवाज. नामवंत शेफ पिएर गान्येर यांचे मार्गदर्शन लाभलेल्या या प्रसंगांत ज्युलिएट बिनोश आणि बेन्वा माजिमेल फारसे बोलत नाहीत, तरीही वीस वर्षांच्या सहवासातला परस्परांवरचा विश्वास त्यांच्या हालचालींतून कळतो. संवाद बाजूला ठेवून कामातूनच माणसे उलगडण्याची ही रीत, माझ्या मते, हुंग यांचे खरे सामर्थ्य आहे. मुईला भाजी चिरायला शिकवणाऱ्या वृद्ध मोलकरणीच्या दृश्यातही तीच दिसते. कानने या चित्रपटासाठी त्यांना सर्वोत्कृष्ट दिग्दर्शक ठरवले. चित्रपट त्यांनी अर्पण केला आहे तो पत्नी त्रान नू येन-खे यांना. मोठ्या झालेल्या मुईची भूमिका त्यांनीच केली होती आणि या नव्या चित्रपटाचे कलादिग्दर्शनही त्यांचेच आहे.