समासातला संवाद

श्रोतेहो, नमस्कार.

जगातल्या मोठ्या नेत्यांच्या मुलाखती आपण वरचेवर ऐकतो आणि त्यांपैकी पुष्कळ ऐकून झाल्यावर नेता तेवढा लक्षात राहतो, माणूस मात्र हाती लागत नाही. मुलाखतकार भारावलेला असतो, 'तरुणांना आपण काय संदेश द्याल?' हा प्रश्न ठरलेला असतो, आणि तेच उत्तर शंभर ठिकाणी देऊन झालेले असल्यामुळे ते नाण्यासारखे गुळगुळीत झालेले असते. आज मी ज्या संवादाविषयी बोलणार आहे तो याहून निराळा आहे. तो नेल्सन मंडेला आणि त्यांचे तुरुंगातले सोबती अहमद कथराडा यांच्यामधला आहे. त्यातला थोडा भाग टेपवर आहे, थोडा कागदाच्या समासात लिहिला गेला होता, आणि उरलेला सगळा त्या दोघांबरोबर गेला.

कथराडा मंडेलांपेक्षा अकरा वर्षांनी लहान. त्यांचे घराणे मूळचे गुजरातेतल्या सुरत भागातले, जन्म १९२९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवाल प्रांतातला. जोहान्सबर्गला खोलवड हाऊस नावाच्या इमारतीत भारतीय कार्यकर्त्यांचा अड्डा होता. तिथल्या तेरा क्रमांकाच्या घरात पुढे कथराडा राहत असत. कायद्याचे विद्यार्थी असलेले मंडेला १९४०च्या दशकात त्या अड्ड्यावर येऊ लागले, आणि त्यांच्या अनेक मैत्र्या तिथेच जुळल्या. मात्र या दोघांच्या मैत्रीची सुरुवात गोड नव्हती. १९५० साली मे दिनाच्या संपावरून मतभेद झाले. मंडेला त्या वेळी आफ्रिकी तरुणांच्या संघटनेचे पुढारी होते आणि भारतीयांबरोबर संयुक्त लढा देण्याच्या ते विरोधात होते. विशीतल्या कथराडांनी त्यांना रस्त्यात गाठले आणि आव्हान दिले की, तुम्ही कोणतीही आफ्रिकी वस्ती निवडा, तिथे सभा घेऊ, लोक माझ्याच बाजूने उभे राहतील. मंडेला इतके संतापले की त्यांनी ही तक्रार थेट संयुक्त बैठकीत मांडली, आणि पोरगा तापट आहे, तुम्ही तसे होऊ नका, असे सांगून त्यांचे भारतीय मित्र इस्माइल मीर यांना त्यांची समजूत काढावी लागली. ही हकीगत मंडेलांनी स्वतःच पुढे मोकळेपणाने लिहून ठेवली आहे. तोंडावर 'तुमचे चुकते आहे' असे म्हणणारा माणूस त्यांना तेव्हाच भेटला होता, हे पुढचे सारे ऐकताना ध्यानात ठेवावे.

गोऱ्या सरकारविरुद्ध घातपाताच्या आरोपावरून चाललेल्या रिव्होनिया खटल्यात १२ जून १९६४ रोजी दोघांनाही जन्मठेप झाली आणि केपटाउनजवळच्या रॉबेन बेटावरच्या तुरुंगात रवानगी झाली. वर्णभेदाचा हिशेब तिथल्या कपड्यांत आणि ताटातही होता. कथराडा भारतीय म्हणून त्यांना लांब विजार आणि पाव मिळे; मंडेला आणि त्याच खटल्यात जन्मठेप झालेले त्यांचे सहकारी वॉल्टर सिसुलू हे वयाने आणि मानाने मोठे असूनही आफ्रिकी म्हणून त्यांना अर्धी विजार, आणि पाव नाहीच. सुरुवातीची कित्येक वर्षे सहा महिन्यांतून एक पत्र आणि एक भेट एवढीच सवलत होती. १९६९ मध्ये मंडेलांचा थोरला मुलगा थेंबी मोटार अपघातात गेला, तेव्हा अंत्यविधीला जाण्याची परवानगी मिळाली नाही. त्या रात्री सिसुलू त्यांच्या कोठडीत येऊन नुसते हात धरून बसले. यालाही मी संवादच म्हणेन.

१९७५ साली कथराडा आणि सिसुलू यांनी सुचवले की मंडेलांनी आत्मचरित्र लिहावे आणि ते त्यांच्या साठाव्या वाढदिवसाला, म्हणजे १९७८ मध्ये, बाहेर प्रसिद्ध व्हावे. मंडेला रात्री लिहीत आणि दिवसा झोप काढीत. लिहिलेली पाने कथराडांकडे जात, तिथून सिसुलूंकडे, आणि दोघेही समासात शेरे लिहीत. त्यानंतर मॅक महाराज आणि लालू चिबा हे दोघे सोबती तो मजकूर इतक्या बारीक अक्षरात उतरवून काढीत की फुलस्केपची दहा पाने एका लहानशा चिठोऱ्यात मावत. १९७६च्या अखेरीस महाराज सुटले तेव्हा ही नक्कल वह्यांच्या पुठ्ठ्यांत दडवून त्यांनी बाहेर नेली. मूळ हस्तलिखित कोकोच्या रिकाम्या डब्यांत घालून तुरुंगाच्या अंगणात पुरलेले होते. पुढच्या वर्षी तिथे भिंत बांधायला खणती सुरू झाली आणि त्यातला एक भाग अधिकाऱ्यांच्या हाती लागला. मंडेलांचे अक्षर तर ओळखले गेलेच, पण समासातल्या शेऱ्यांमुळे कथराडा आणि सिसुलूही सापडले, आणि तिघांचीही अभ्यासाची सवलत चार वर्षे बंद झाली. मित्राच्या मजकुराशेजारी दोन ओळी लिहिण्याची ती किंमत होती.

आता टेपकडे वळू. सुटकेनंतर, १९९२-९३ मध्ये, आत्मचरित्र पुरे करण्यासाठी अमेरिकन पत्रकार रिचर्ड स्टेंगल यांनी मंडेलांशी पन्नास तासांहून अधिक संभाषण ध्वनिमुद्रित केले. स्टेंगल बाहेरचे असल्यामुळे त्यांना मनाच्या आतले हवे होते. तुरुंगात गेलेला माणूस आणि बाहेर आलेला माणूस यांत फरक काय, हा प्रश्न त्यांनी परोपरीने विचारला, तो मंडेलांना आवडत नसे, आणि अखेर त्यांनी दिलेले उत्तर इतकेच होते की मी परिपक्व होऊन बाहेर आलो. सत्तावीस वर्षांचे एवढे कंजूष उत्तर ऐकून एखादा मुलाखतकार खट्टू झाला असता. स्टेंगल यांचे कौतुक असे की ते चिकटून राहिले, रोजच्या सहवासात थांबले, आणि म्हणून प्रश्नांनी जे मिळाले नाही ते त्यांना प्रसंगांत मिळाले. १९९४च्या निवडणूक प्रचारात नाताळ प्रांतात जाताना मंडेलांच्या लहान विमानाचे एक इंजिन बंद पडले, तरी ते शांतपणे वर्तमानपत्र वाचत बसले होते. विमान सुखरूप उतरल्यावर मोटारीत त्यांनी स्टेंगल यांच्यापाशी कबूल केले की वर असताना आपली भीतीने गाळण उडाली होती.

कथराडांच्या टेपा मात्र वेगळ्या जातीच्या आहेत. त्यांच्याकडे काम होते ते मसुदा तपासण्याचे. ते समोर कागद धरून संपादकांच्या शंका वाचून दाखवतात आणि तारीख, नाव, कोण कुठे होते, यांवर दोघांची चर्चा चालते. दोघे एकमेकांना 'मडाला', म्हणजे आपल्याकडे 'म्हातारबा' म्हणावे तसे, हाक मारीत. भारावून जाण्याचा प्रश्नच नव्हता, कारण ज्याच्याबद्दल विचारायचे ते विचारणाऱ्यानेही भोगलेले होते. आणि थोरवी सांगून चालणार नव्हती, कारण समोरचा साक्षीदार होता. आपली संतासारखी खोटी प्रतिमा बाहेर तयार होते आहे याची तुरुंगात काळजी वाटत असे, असे मंडेलांनी लिहून ठेवले आहे. ती प्रतिमा फोडायला असा म्हातारबाच लागतो, पत्रकाराला ते काम झेपत नाही, असे माझे मत आहे. स्टेंगल यांच्या चाहत्यांना ते पटणार नाही.

इथे एका मराठी माणसाची आठवण होते. नोव्हेंबर १९१२ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले प्रिटोरियाला दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान बोथा आणि मंत्री स्मट्स यांना भेटले. नाताळमधल्या करारमुक्त भारतीय मजुरांवरचा तीन पौंडांचा कर रद्द होईल असे आश्वासन आपल्याला मिळाले, असे गोखल्यांनी बाहेर येऊन सांगितले. गांधीजींना शंका होती. पुढे सरकारने असे वचन दिल्याचा इन्कार केला आणि १९१३च्या सत्याग्रहात तो कर हे एक मोठे कारण ठरले. कर रद्द झाला तो १९१४ मध्ये. त्या खोलीत काय बोलणे झाले ते 'तसे नव्हे' म्हणून खोडून काढणारा सोबती तिथे नव्हता, गांधीजी मुद्दामच गेले नव्हते.

मंडेला आणि कथराडा यांच्या संवादाचा शेवट १५ डिसेंबर २०१३ रोजी कुनू या गावी झाला. मंडेलांच्या अंत्यविधीत चौऱ्याऐंशी वर्षांचे कथराडा बोलायला उभे राहिले. सिसुलू गेले तेव्हा मी बाप गमावला होता, आज भाऊ गमावला, असे ते म्हणाले. आणि आता आयुष्यात पोकळी झाली आहे, कोणाकडे जावे ते कळत नाही, हे सांगताना त्यांचा आवाज कापरा झाला.