एक पार्टिशन, दोन शोध

स्वतः बांधलेल्या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमचा कर्नल, म्हणजे तिचा गाभा, कंपाइल होऊन तयार असला, तरी बूटलोडरला, म्हणजे संगणक सुरू होताना कर्नल मेमरीत चढवणाऱ्या प्रोग्रॅमला, तो सापडेपर्यंत ती सिस्टिम डिस्कवर नुसती पडून राहते. सुरू होण्याच्या जुन्या बायॉस पद्धतीत संगणक आधी डिस्कचा ५१२ बाइटचा पहिला सेक्टर वाचतो. त्यातले ४४६ बाइट बूट कोडसाठी असतात आणि ६४ बाइट पार्टिशन टेबलसाठी, म्हणजे डिस्कच्या भागांच्या यादीसाठी. एवढ्या जागेत फाइल सिस्टिम वाचणारा प्रोग्रॅम मावत नाही, म्हणून ग्रब हा बूटलोडर आपला पुढचा भाग सहसा पहिल्या पार्टिशनच्या आधीच्या मोकळ्या जागेत ठेवतो.

खरी गुंतागुंत यानंतर सुरू होते, कारण पार्टिशनचा शोध दोनदा घेतला जातो. ग्रब कर्नलची फाइल शोधतो आणि ती मेमरीत चढवून बाजूला होतो. मग कर्नल आपले रूट पार्टिशन, म्हणजे सिस्टिमच्या मुख्य फाइली असलेला डिस्कचा भाग, नव्याने शोधतो. ग्रब डिस्क शून्यापासून आणि पार्टिशन एकपासून मोजतो, त्यामुळे त्याचे ‘एचडी शून्य, दोन’ हे कर्नलच्या लेखी बहुधा ‘एसडीए दोन’ असते. ‘बहुधा’ म्हणण्याचे कारण असे की, दुसरी डिस्क जोडताच हा क्रम बदलू शकतो.

म्हणून क्रमांकाऐवजी ओळख द्यावी, हे उत्तम. ग्रबच्या ‘सर्च’ आज्ञेला फाइल सिस्टिमचा यूयूआयडी, म्हणजे तिची वेगळी ओळख, पुरतो. कर्नलला मात्र इनिटरॅमएफएसच्या, म्हणजे बूटच्या सुरुवातीला मेमरीत चढणाऱ्या तात्पुरत्या फाइल सिस्टिमच्या, मदतीशिवाय तो उमगत नाही. तिथे पार्टिशन टेबलमधला पार्टयूयूआयडीच, म्हणजे पार्टिशनची ओळख, द्यावा लागतो. ‘बीएलकेआयडी’ ही आज्ञा दोन्ही एकाच ओळीत दाखवते, त्यामुळे नक्कल करताना विशेष जपावे.

रूट फाइल सिस्टिम माउंट करता, म्हणजे जोडता, येत नाही, असे सांगून कर्नल पॅनिक झाला, म्हणजे हात टेकून थांबला, तर ग्रबचे काम तोवर पार पडलेले असते. त्याची शोधाची ओळ पुन्हा पुन्हा बदलण्यात अर्थ नाही. पॅनिकच्या आधी कर्नल त्याला दिसलेली पार्टिशन छापतो. त्या यादीत डिस्कच नसेल, तर तिच्या कंट्रोलरचा ड्रायव्हर बहुधा मॉड्यूल म्हणून, म्हणजे कर्नलबाहेरच्या वेगळ्या फाइलच्या रूपात, बांधला गेलेला असतो आणि जे पार्टिशन उघडायचे, त्याच्याच आत तो अडकलेला असतो. इनिटरॅमएफएस नसेल, तर असा ड्रायव्हर कर्नलमध्येच बांधावा लागतो. डिस्क दिसत असेल, तर रूटची ओळख बरोबर आहे का किंवा कर्नलला ती फाइल सिस्टिम वाचता येते का, ते तपासावे.

ओळख चुकली असेल, तर ग्रबच्या मेनूत ‘ई’ दाबून ती जागीच दुरुस्त करता येते. हा बदल त्या एका बूटपुरताच टिकतो. सिस्टिम सुरू झाल्यावर तो कॉन्फिगरेशन फाइलमध्ये लिहावा लागतो.