पंप उतरवायच्या आधी टाकीकडे बघा

हां, तर आज विषय एकच, गाडीला डिझेल पोचत नाहीये, आता काय करायचं. टर्बो, हवेचा फिल्टर, सायलेन्सर हे सगळं आज बाजूला ठेवू, नाहीतर इथंच रात्र होईल. आणि माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. गाडी ओढत नाही म्हटलं की लोक थेट मोठ्या पंपावर (जबर दाबाने डिझेल पुढं ढकलतो तो) नाहीतर नोझलवर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारतं ते) घसरतात, सगळ्यात महाग भाग तेच, आणि बऱ्याचदा त्या बिचाऱ्यांचा काही दोष नसतो, त्यांच्यापर्यंत डिझेलच धड येत नसतं.

सेल्फ मारताना एक जण मागे सायलेन्सरकडे उभा करा. इंजिन व्यवस्थित फिरतंय, चालू होत नाही आणि धूर अजिबात नाही, तर सिलिंडरमध्ये डिझेल जातच नाहीये असं धरून चाला. पांढरा धूर येतोय तर डिझेल जातंय पण जळत नाहीये, मग कॉम्प्रेशन, टायमिंग, थंडी, ती भानगड वेगळी. एवढंसं बघायला खर्च शून्य, तरी ते न बघता फिल्टर खोलणारे भरपूर आहेत. जुन्या मेकॅनिकल पंपाला स्टॉप सोलेनॉइड, म्हणजे डिझेल उघड-बंद करणारा विजेवरचा खटका, असेल तर चावी देऊन टक् आवाज येतो का तेही आत्ताच ऐका, कारण तिथली वायर निघाली असेल तर बाकी सगळं ठणठणीत असून एक थेंब पुढं जाणार नाही.

आता डिझेलचा रस्ता. टाकी, तिच्यातली सक्शनची नळी, पाणी धरणारा पहिला फिल्टर, टाकीतून डिझेल ओढून पुढं देणारा फीड पंप, बारीक फिल्टर, मोठा पंप, नोझल, आणि उरलेलं डिझेल रिटर्नने परत टाकीत. गाडीगणिक थोडं मागंपुढं असतं, पण फीड पंप कुठं आहे ते पक्कं शोधा, कारण त्याच्या अलीकडे ओढ आहे आणि पलीकडे दाब. दाबाच्या बाजूला फट असेल तर डिझेल बाहेर येतं, ओलं दिसतं, डोळ्यांना सापडतं. ओढीच्या बाजूच्या फटीतून चालू गाडीत बाहेर काही येतच नाही, उलट हवा आत जाते, चिरलेल्या स्ट्रॉने पाणी ओढून बघा, तसंच. म्हणून "कुठं गळत नाहीये हो" हे ऐकून मी तरी कधी समाधान मानत नाही.

गाडीने एअर धरली, म्हणजे डिझेलच्या लायनीत हवा शिरली, की ती कशी वागते बघा. रात्रभर उभी राहिली की सकाळी सेल्फ खूप खाते, कारण हवा शिरून लायनीतलं डिझेल परत टाकीत उतरलेलं असतं. किंवा लगेच चालू होते आणि जरा वेळाने बंद पडते, म्हणजे फिल्टरमध्ये उरलेलं तेवढं जळालं आणि मागून काही आलं नाही. आयडलला वरखाली होते. मग लोक काय करतात, हवा काढायचा ब्लीड स्क्रू ढिला करतात, डिझेल ओढायचा छोटा हातपंप मारतात, फेस जाऊन बिनबुडबुड्याचं डिझेल आलं की स्क्रू आवळतात, गाडी चालू, सगळे खूश, आणि दुसऱ्या दिवशी परत तेच. अहो एअर काढलीत, पण ती आली कुठून ते राहिलंच की!

त्यासाठी फीड पंपाच्या आधी हातभर पारदर्शक पाइप जोडा, डिझेलला चालणारा, आणि गाडी चालू करून रेस देऊन बघा. बुडबुड्यांची माळ दिसली की टाकीच्या दिशेने एकेक जोड तपासत जा. बँजो बोल्टचे (पोटातून डिझेल जातं तो पोकळ बोल्ट) तांब्याचे वायसर जुनेच परत टाकलेले असतात, फिल्टरची रबर रिंग दुमडलेली असते नाहीतर जुनी रिंग चिकटून राहून तिच्यावर नवी बसलेली असते, क्लिपखाली रबरी पाइपला बारीक चिरा असतात, वरून दिसत नाहीत, वाकवल्यावर उघडतात. आणि जोड सापडेना तर सरळ सक्शनची नळी स्वच्छ डिझेलच्या कॅनमध्ये बुडवा, रिटर्नही त्यातच सोडा, आणि गाडी चालवून बघा. कॅनवर छान चालली तर खराबी टाकीकडे, तरीही तशीच तर इंजिनकडे. निम्मी गाडी संशयातून सुटली, आणि अजून एकही पार्ट बदललेला नाही.

टाकीकडचे दोन प्रकार लोकांना फार फिरवतात. एक, टाकीचा व्हेंट, म्हणजे हवा आत घ्यायचं भोक, बुजलेला. गाडी काही अंतर मस्त चालते, मग हळूहळू दम जातो, झाकण उघडलं की फुस्स करून हवा आत ओढली जाते आणि गाडी परत ठीक. दुसरा, टाकीत पडलेली चिंधी किंवा झाकणाखालचा प्लास्टिकचा तुकडा, तो ओढीने नळीच्या तोंडावर जाऊन बसतो आणि गाडी बंद झाली की सुटून तरंगतो. इथं झाकण न उघडताच थोड्या वेळाने गाडी आपोआप बरी होते. हा फरक ड्रायव्हरला नीट खोदून विचारा, अर्धं निदान त्याच्याकडेच असतं.

फिल्टर चोंदला की आयडलला काही कळत नाही, लोड आला, चढ आला की गाडी बसते. खालचा ड्रेन उघडून काचेच्या बाटलीत नमुना घ्या आणि जरा ठेवून द्या, पाणी जड, ते तळाला बसतं. पाणी आणि डिझेलच्या सीमेवर जंतू वाढतात, त्यांचा काळपट चिकट साका दिसला तर नुसता फिल्टर बदलून भागणार नाही, टाकी धुवावी लागेल. कडक थंडीत डिझेलमधलं मेण गोठूनही फिल्टर असाच बंद होतो.

मागून कुणीतरी विचारलं, कॅनवरसुद्धा ओढत नसेल तर? इनलाइन पंप (जुना मेकॅनिकल, प्रत्येक सिलिंडरचा प्लंजर एका ओळीत असतो तो) असेल तर आधी त्याचा ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह, म्हणजे जास्तीचं डिझेल परत सोडणारा, बघा, त्यातली स्प्रिंग थकली की पंपाच्या गॅलरीत (आत डिझेल भरून राहतं त्या जागेत) दाब टिकत नाही आणि लोडवर डिझेल कमी पडतं. छोटासा व्हॉल्व्ह, पण त्याच्यापायी अख्खे पंप खाली उतरतात. फीड पंपाच्या सीलमधून डिझेल ऑइलमध्ये जातंय का तेही बघा, डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं आणि पातळ दिसेल.

कॉमन रेल, म्हणजे एकाच जाड नळीतून (तीच रेल) सगळ्या इंजेक्टरना जबर दाबाचं डिझेल देणारी कंप्युटरवाली पद्धत, असेल तर मात्र जुन्या सवयी सोडा; इंजेक्टर म्हणजे इथलं नोझलच. चालू इंजिनवर हाय प्रेशरचा नट ढिला करून कुठला सिलिंडर मिसिंग आहे (काम करत नाही) ते बघणं तिथं अजिबात नाही, दाब १६०० ते २००० बारपर्यंत जातो, ती धार कातडीतून आत शिरते, भोक टाचणीएवढं दिसतं आणि आत हात खराब होतो, तसं झालं तर मलम न लावता थेट हॉस्पिटल. नवा बारीक फिल्टर बसवताना मधल्या भोकातून डिझेल ओतू नका, ती गाळलेली बाजू असते, तिथला कचरा सरळ पंपात जातो, हातपंपानेच भरा. सेल्फवर रेलमध्ये साधारण २०० बारच्या आसपास दाब झाल्याशिवाय ईसीएम (इंजिनचा कंप्युटर) इंजेक्टर उघडतच नाही, म्हणून आधी स्कॅनरवर तो आकडा बघा. फीडची बाजू ठीक असून आकडा वाढत नसेल तर प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला एकेक सारखी बाटली लावा आणि सेल्फ मारा, जी बाटली इतरांपेक्षा फार लवकर भरते तिचा इंजेक्टर आधी काढा, पंपाचा नंबर त्याच्यानंतर.